जॉर्ज द हेवेशी : बोन स्कॅन आणि पेट स्कॅनचा पाया घालणारा शास्त्रज्ञ

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान झाले की रुग्णाचा आणि घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : तो कुठे पसरला तर नाही ना? त्याचे उत्तर शोधण्यासाठी तज्ज्ञ डॉक्टर गरजेनुसार बोन स्कॅन, सीटी स्कॅन, एमआरआय किंवा पीएसएमए पेट स्कॅन सांगतात. यातल्या बोन स्कॅन आणि पेट स्कॅनसाठी शिरेतून किरणोत्सर्गी औषध द्यावे लागते. हे कळले की बरेच जण बिचकतात. माझ्या दवाखान्यात येणारे काही काका या इंजेक्शनच्या धास्तीने तपासणीच पुढे ढकलत राहतात. याउलट, रिपोर्टमध्ये एखाद्या बरगडीवर ठिपका दिसला की काही घरांत त्याच दिवशी रडारड सुरू होते.

या दोन्ही भीती एकाच कारणाने वाटतात. ही तपासणी शरीरात नेमके काय शोधते, हे कोणी नीट सांगितलेले नसते. ते समजून घ्यायचे तर ज्या माणसाला ही कल्पना पहिल्यांदा सुचली त्याचे आयुष्य पाहणे उपयोगी पडते. त्याचे नाव जॉर्ज द हेवेशी.

बालपण आणि शिक्षण

हेवेशींचा जन्म १ ऑगस्ट १८८५ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट येथे झाला. घराणे श्रीमंत आणि प्रतिष्ठित होते. मूळचे ज्यू असलेले हे कुटुंब रोमन कॅथलिक झाले होते. बुडापेस्ट आणि बर्लिनमध्ये काही काळ शिकून त्यांनी १९०८ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. पुढे झुरिक आणि कार्ल्सरूह येथे काम करून १९११ च्या सुमारास ते इंग्लंडमधील मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले.

मँचेस्टरच्या दिवसांतली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. हेवेशी जिथे राहत, तिथली घरमालकीण उरलेले जेवण पुढच्या दिवसांत पुन्हा वाढते, असा त्यांना संशय होता. बाईंना हे मान्य नव्हते. एका रविवारी हेवेशींनी ताटात उरलेल्या अन्नात किरणोत्सर्गी पदार्थाचा अगदी बारीक अंश मिसळला. काही दिवसांनी वाढलेल्या पदार्थाजवळ त्यांनी किरणोत्सर्ग ओळखणारे उपकरण धरले आणि उपकरणाने साक्ष दिली! आजच्या नियमांत असा प्रयोग बसणार नाही. पण बोन स्कॅनमागची कल्पना यात पूर्ण आलेली आहे : पदार्थात एक खूण मिसळायची, तो आपल्या वाटेने जाऊ द्यायचा आणि खूण कुठे पोहोचली ते बाहेरून ओळखायचे.

न सुटलेल्या कोड्यातून निघालेली वाट

रदरफोर्ड यांच्याकडे शिशाचा मोठा साठा आला होता. त्यात रेडियम-डी नावाचा किरणोत्सर्गी पदार्थ मिसळलेला होता. तो शिशापासून वेगळा करायचे काम त्यांनी हेवेशींवर सोपवले. हेवेशींनी माहीत असलेल्या सगळ्या रासायनिक पद्धती वापरून पाहिल्या, पण पदार्थ काही वेगळा होईना.

कारण पुढे स्पष्ट झाले. रेडियम-डी हे शिसेच होते, फक्त किरणोत्सर्गी प्रकारचे. एकाच मूलद्रव्याच्या अशा वेगवेगळ्या वजनाच्या अणूंना आपण समस्थानिके म्हणतो. रासायनिक दृष्टीने दोन्ही सारखीच, त्यामुळे ती वेगळी कशी होणार?

हेवेशींनी या अपयशाकडे उलट बाजूने पाहिले. किरणोत्सर्गी शिसे साध्या शिशापासून वेगळे होत नसेल, तर साधे शिसे जिथे जाईल तिथे तेही जाणार. मग शिशात त्याचा कणभर अंश मिसळला, तर एरवी न दिसणाऱ्या शिशाचा माग काढता येईल. १९१३ मध्ये व्हिएन्नात फ्रिडरिश पानेथ यांच्यासोबत त्यांनी या पद्धतीने शिशाचे क्षार पाण्यात किती विरघळतात ते मोजले. अशा खुणेच्या पदार्थाला आज ट्रेसर म्हणतात. पेट स्कॅनच्या रिपोर्टमध्ये हा शब्द तुम्हाला आजही सापडेल.

ट्रेसरचा मुख्य नियमही तेव्हाच ठरला. खुणेचे प्रमाण इतके अल्प असावे, की ज्याचा माग काढायचा त्याच्या नेहमीच्या कामात काहीही फरक पडू नये.

रोपांपासून स्वतःच्या शरीरापर्यंत

पहिले महायुद्ध संपल्यावर हेवेशी १९२० मध्ये नील्स बोर यांच्या संस्थेत, डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनला आले. तिथे डर्क कॉस्टर यांच्यासोबत त्यांनी एक नवे मूलद्रव्य शोधले. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून त्याला हाफ्नियम म्हणतात. एवढ्या शोधावरही त्यांचे नाव राहिले असते.

पण ट्रेसरची कल्पना त्यांनी सोडली नव्हती. १९२३ मध्ये त्यांनी शेंगवर्गातील रोपांची मुळे किरणोत्सर्गी शिसे मिसळलेल्या पाण्यात ठेवली आणि मुळांतून खोडात व पानांत किती शिसे चढते ते मोजले. सजीवात ट्रेसर वापरण्याचा हा पहिला प्रयोग मानला जातो. त्यानंतर प्राण्यांवरही असे प्रयोग झाले. तरी अडचण होती. शिसे किंवा बिस्मथ हे काही शरीराच्या नेहमीच्या व्यवहारातले पदार्थ नाहीत. शरीर ज्यांपासून बनले आहे, त्या पदार्थांची खूण हवी होती.

१९२६ पासून ते फ्रायबुर्गला प्राध्यापक होते. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी जर्मनी सोडायचे ठरवले आणि १९३४ मध्ये ते कोपनहेगनला परतले. याच सुमारास हायड्रोजनचे जड समस्थानिक उपलब्ध झाले होते. ते किरणोत्सर्गी नसते, पण वजनातील फरकामुळे ओळखता येते. हेवेशींनी असे जड पाणी थोड्या प्रमाणात पिऊन पाहिले आणि लघवीतून ते किती दिवसांत बाहेर पडते ते मोजले. आपण प्यालेले पाणी शरीरातल्या पाण्यात मिसळते आणि दिवसेंदिवस हळूहळू बदलत जाते, हे त्यातून दिसले.

१९३५ : हाड बदलत असते

१९३४ मध्ये फ्रान्समध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी कृत्रिम किरणोत्सर्गाचा शोध लावला. त्यामुळे फॉस्फरससारख्या, शरीरात सगळीकडे असणाऱ्या मूलद्रव्याचे किरणोत्सर्गी रूप तयार करणे शक्य झाले. हेवेशींना हवे होते ते हेच. त्यासाठी रेडियमची गरज होती. १९३५ मध्ये बोर यांच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त वर्गणी जमवून त्यांना ०.६ ग्रॅम रेडियम भेट देण्यात आले. हेवेशींच्या कामाला ते फार उपयोगी पडले.

त्याच वर्षी ओले शिएविट्झ या डॅनिश डॉक्टरसोबत त्यांनी उंदरांना किरणोत्सर्गी फॉस्फरस असलेला क्षार अगदी अल्प प्रमाणात दिला. नंतर शरीराच्या कोणत्या भागात तो किती पोहोचला ते मोजले. बराचसा फॉस्फरस हाडांत सापडला. हाडांत फॉस्फरस मुबलक असतो, त्यामुळे त्यात नवल नव्हते. नवल पुढे होते. हाडात गेलेले अणू तिथे कायमचे बसत नव्हते. काही अणू बाहेर पडत होते आणि त्यांची जागा नवे अणू घेत होते.

हाड म्हणजे एकदा बांधून झालेला सांगाडा, अशीच आपली समजूत असते. हेवेशींच्या प्रयोगाने दाखवले की वाढ पूर्ण झाल्यावरही हाडाची मोडतोड आणि डागडुजी आयुष्यभर चालू असते. जिथे डागडुजी जोरात, तिथे फॉस्फरसची मागणी जास्त. आजचा बोन स्कॅन उभा आहे तो याच गोष्टीवर.

विरघळवलेली पदके

१९४० च्या एप्रिलमध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरले. माक्स फॉन लाउअ आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी आपली सोन्याची नोबेल पदके सुरक्षित राहावीत म्हणून बोर यांच्या संस्थेत ठेवली होती. त्या काळी जर्मनीतून सोने बाहेर पाठवणे हा गंभीर गुन्हा होता आणि पदकांवर नावे कोरलेली होती. ती पुरून ठेवावीत असे आधी बोलणे झाले, पण खणून काढली जाण्याची भीती हेवेशींना वाटली. त्यांनी दोन्ही पदके आम्लराजात विरघळवली. सोने लवकर विरघळत नाही, त्यामुळे काम चिकाटीचे होते. तो द्रव प्रयोगशाळेच्या फळीवर इतर बाटल्यांसोबत राहिला आणि जर्मनांच्या लक्षात आला नाही. युद्ध संपल्यावर त्यातले सोने परत मिळवले गेले आणि त्यापासून पदके नव्याने घडवून देण्यात आली.

१९४३ मध्ये डेन्मार्कमध्ये राहणे धोक्याचे झाले, तेव्हा हेवेशी स्वीडनला निसटले. ट्रेसरच्या कामासाठी त्यांना १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते १९४४ मध्ये जाहीर झाले. स्टॉकहोमला त्यांनी किरणोत्सर्गी फॉस्फरस वापरून कर्करोगाच्या गाठींमध्ये डीएनए कसा तयार होतो आणि क्ष-किरणांचा त्यावर काय परिणाम होतो, याचाही अभ्यास केला. ५ जुलै १९६६ रोजी फ्रायबुर्गमध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २००१ मध्ये त्यांच्या अस्थी बुडापेस्टला नेण्यात आल्या.

हेवेशींच्या फॉस्फरसपासून आजच्या बोन स्कॅनपर्यंत

हेवेशींनी वापरलेला किरणोत्सर्गी फॉस्फरस चित्र काढण्यासाठी सोयीचा नव्हता. त्यातून निघणारे कण शरीरातच अडतात, बाहेरच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्यासाठी गॅमा किरण देणारा आणि लवकर निवणारा पदार्थ हवा होता. तो टेक्नेशियमच्या रूपाने मिळाला. त्याची किरणोत्सर्गी शक्ती दर ६ तासांनी निम्मी होते. १९७१ मध्ये अमेरिकेत काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ गोपाल सुब्रमण्यम आणि त्यांचे सहकारी जॉन मॅकॅफी यांनी टेक्नेशियम फॉस्फेटच्या संयुगाला जोडून दाखवले. फॉस्फेट हाडात घेऊन जाणार आणि टेक्नेशियम जागा दाखवणार.

आपल्याकडे मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. त्यामुळे या शाखेची पाळेमुळे महाराष्ट्रातही बरीच जुनी आहेत.

प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी हे महत्त्वाचे का? हा कर्करोग पसरतो तेव्हा लिंफच्या गाठींखालोखाल हाडांकडे त्याचा ओढा जास्त असतो. कण्याचे मणके, कटीभाग, बरगड्या, मांडीचे हाड या नेहमीच्या जागा. तिथे पोहोचलेल्या पेशी आसपासच्या हाडाला वेड्यावाकड्या पद्धतीने नवे हाड तयार करायला लावतात. साध्या एक्स-रेत हा बदल बराच उशिरा दिसतो. बोन स्कॅनमध्ये मात्र तिथे ट्रेसर जास्त जमतो आणि गडद ठिपका दिसतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बोन स्कॅन कर्करोगाच्या पेशी दाखवत नाही. हाडाची डागडुजी कुठे जोरात चालू आहे, एवढेच तो दाखवतो. संधिवाताने झिजलेला गुडघा, पाच-सहा महिन्यांपूर्वी पडल्यामुळे तडा गेलेली बरगडी, ठिसूळपणामुळे दबलेला मणका, या सगळ्या जागाही गडद दिसतात. सत्तरीच्या माणसाच्या स्कॅनमध्ये असे काही ना काही असतेच. म्हणून एकट्या ठिपक्यावरून निष्कर्ष काढत नाहीत. त्या जागेचा सीटी किंवा एमआरआय, पीएसएची पातळी, बायोप्सीचा अहवाल आणि जुन्या दुखापती, हे सगळे एकत्र पाहावे लागते.

पीएसएमए पेट स्कॅन वेगळा कसा?

या तपासणीत खूण थेट कर्करोगाच्या पेशीवर बसवतात. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या बहुतेक पेशींवर पीएसएमए नावाचे प्रथिन भरपूर असते. त्याला चिकटणाऱ्या रेणूला गॅलियम किंवा फ्लोरिन यांचे किरणोत्सर्गी समस्थानिक जोडून शिरेतून देतात. गॅलियमची शक्ती ६८ मिनिटांत, तर फ्लोरिनची ११० मिनिटांत निम्मी होते. त्यामुळे हाडांबरोबरच लिंफच्या लहान गाठींमधला फैलावही शोधता येतो.

ऑस्ट्रेलियात जास्त जोखमीचा प्रोस्टेट कर्करोग असलेल्या ३०२ पुरुषांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. फैलाव आहे की नाही हे ओळखण्यात पीएसएमए पेट-सीटीची अचूकता ९२ टक्के, तर बोन स्कॅन आणि सीटी यांची मिळून ६५ टक्के आढळली. किरणोत्सर्गाची मात्राही पीएसएमए तपासणीत कमी होती.

तरीही ही तपासणी परिपूर्ण नाही. काही रुग्णांच्या गाठींवर पीएसएमए कमी असते, तिथे फैलाव निसटू शकतो. लाळग्रंथी, मूत्रपिंडे आणि अश्रुग्रंथी नैसर्गिकरीत्याच उजळ दिसतात, ते पाहून घाबरू नये. बरगडीवरचा एखादा फिका ठिपका इथेही फसवा निघू शकतो.

तपासणीआधी हे माहीत असू द्या

• प्रत्येकाला या तपासण्या लागत नाहीत. कर्करोग कमी जोखमीचा असेल, म्हणजे पीएसए १० पेक्षा कमी, बायोप्सीत सौम्य प्रकार आणि गाठ लहान, तर हाडांत फैलाव असण्याची शक्यता फार कमी असते. अशा वेळी डॉक्टरांनी बोन स्कॅन सांगितला नाही, तर तो निष्काळजीपणा नव्हे.

• औषधाची मात्रा अल्पच असते. बोन स्कॅनमधून मिळणारा किरणोत्सर्ग साधारणपणे दोन वर्षांत निसर्गातून आपल्याला मिळतो तेवढा असतो. आजाराचा टप्पा चुकीचा ठरला, तर होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे आहे.

• बोन स्कॅनमध्ये इंजेक्शननंतर साधारण तीन तास थांबावे लागते, पीएसएमए पेटमध्ये सुमारे एक तास. डॉक्टरांनी पाणी कमी पिण्यास सांगितलेले नसेल, तर भरपूर पाणी प्या आणि लघवी तुंबवून ठेवू नका. स्कॅनच्या आधी लघवी करून या, नाहीतर भरलेल्या मूत्राशयामुळे आसपासचा भाग नीट दिसत नाही.

• त्या दिवशी लहान नातवंडांना मांडीवर घेणे आणि गरोदर स्त्रीच्या अगदी जवळ बराच वेळ बसणे टाळा. किती वेळ टाळायचे ते स्कॅन सेंटरमध्ये सांगतात.

• जुनी पडझड, फ्रॅक्चर, शस्त्रक्रिया, सांधेदुखी यांची माहिती सेंटरमधल्या डॉक्टरांना आवर्जून द्या. जुने एक्स-रे सोबत न्या.

• उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत केलेला बोन स्कॅन कधी कधी आधीपेक्षा वाईट दिसतो. बरे होणारे हाड जोरात डागडुजी करते म्हणूनही असे होते. पीएसए उतरत असेल आणि दुखणे कमी होत असेल, तर रिपोर्ट पाहून उपचार सोडू नका, डॉक्टरांशी बोला.

थांबू नका अशी लक्षणे

प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्या व्यक्तीला पाठीत नव्याने तीव्र दुखू लागले, पाय लटपटू लागले, पायांना बधिरपणा आला, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मज्जारज्जूवर दाब आल्याची शक्यता असते. ही तातडीची अवस्था आहे. बोन स्कॅनच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. तिथे कण्याचा एमआरआय लगेच करावा लागतो. काही तासांच्या उशिराने पायांतली गेलेली शक्ती परत न येण्याचा धोका असतो.

शेवटी

हेवेशी स्वतः डॉक्टर नव्हते. शिशातून एक पदार्थ वेगळा होईना, तेव्हा त्याचाच उपयोग करता येईल का, असे त्यांना वाटले आणि त्यातून शरीराच्या आतले चाललेले काम बाहेरून पाहण्याची पद्धत मिळाली. आज पीएसएमएला चिकटणाऱ्या रेणूला ल्युटेशियम जोडून पसरलेल्या कर्करोगावर उपचारही केले जातात. जी खूण गाठ शोधते, तिच्याच वाटेने औषध गाठीपर्यंत पाठवले जाते.

तुम्हाला किंवा तुमच्या वडिलांना असा स्कॅन सांगितला असेल, तर डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा. या तपासणीतून काय शोधायचे आहे? उत्तर काहीही आले तरी उपचार तेच राहणार, की बदलणार? आणि ठिपका दिसला, तर तो कर्करोगाचाच आहे याची खात्री कशी करणार? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की इंजेक्शनची भीती कमी होते आणि रिपोर्ट हाती आल्यावर शांतपणे पुढचा निर्णय घेता येतो.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजाराबाबतचा निर्णय तुमच्या मूत्रविकारतज्ज्ञ किंवा कर्करोगतज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.